न्हाणीतल्या मुंग्या

ठाणे, सोमवार, ता. ९ जानेवारी १८८८

महिपतराव वकिलांनी येथल्या साप्ताहिकात माझ्यावर जो लेख छापवला आहे, त्यात चुका इतक्या की, लेख माझ्याविषयी आहे की दुसऱ्या कोणाविषयी, असा भ्रम पडावा! ‘एका वृद्ध शिक्षकाने पथ्याने मधुमेह जिंकला’ हा मथळा. तेवढा भाग खरा. बाकीचे दुरुस्त करून ठेवणे प्राप्त आहे.

न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग दिसली ती ज्येष्ठात नव्हे, वैशाखात. वैद्य ठाण्याचे नव्हेत, कल्याणचे त्रिविक्रमशास्त्री. त्यांना मी घरी बोलावले नाही. आगगाडीने स्वतः कल्याणास गेलो आणि मुंग्यांचा वृत्तांत सांगितला. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले, पंचवीस वर्षे बैठे काम केले का, असे विचारले, आणि निदान सांगून मोकळे झाले. ‘लघवीत गोडवा उतरतो, मुंग्यांना तो आपल्या आधी कळतो.’

‘पंतांनी कडक पथ्ये पाळला’ असे छापले आहे. पाळला! हा मनुष्य माझ्या हाताखाली शिकला, हे कोणास सांगू नये.

पथ्य काय होते, तेही त्याने अर्धेच लिहिले. भात बंद. गूळ, साखर, केळे, रताळे बंद. सातूची भाकरी, मुगाचे कढण, मेथी, कारले. जांभळाच्या बियांचे चूर्ण पाण्यातून. दुपारची झोप नाही. सकाळी तळ्याला वळसा घालून खाडीपर्यंत चालणे, पलीकडे कळव्याची झाडी नीट दिसू लागेपर्यंत, मग परत.

नैवेद्याविषयी त्याने एक अक्षर लिहिले नाही, आणि खरी कसोटी तेथेच होती. देवास गोडाशिवाय चालत नाही. आणि नैवेद्याची वाटी कर्त्या पुरुषाच्या पानावरच यायची. मी तिला बोट लावून जिभेस लावतो व बाकी तशीच ठेवतो. शिरा असो, खीर असो, पुरण असो. एवढा संयम! अन्न वाया जात नाही. माझ्या मागून त्याच पानावर चिरंजीवाची आई बसते. ती सर्व संपवते.

बुधवार, ता. ११ जानेवारी

महिपतरावांकडे शुद्धिपत्र पाठवले. उत्तर नाही.

शनिवार, ता. १४ जानेवारी

संक्रांत झाली. तिळाचा लाडू हाती घेतला, कपाळास लावला, पानावर ठेवला. सूनबाई मंदाकिनी म्हणाल्या, “मामंजी, एक कण तरी.” कण तरी का? कणापासूनच सर्व सुरू होते.

चिरंजीव नाशकास कचेरीत. सणास येऊ शकले नाहीत. त्यांच्या वाटचे लाडू त्यांच्या आईच्या वाट्यास गेले. तिची प्रकृती अलीकडे फार उतरली आहे. पाण्याचा तांब्या हातातून सुटत नाही. मी म्हटले, इतके पाणी पिऊ नये, अग्नी मंद होतो. तिने मान हलवली आणि तांब्या फडताळाआड ठेवला.

माझ्यासाठी तिने सोळा सोमवार धरले आहेत. दिवसभर निराहार, संध्याकाळी गुळातली रताळी आणि दूध. त्यानेच ती वाळली असावी.

मंगळवार, ता. १७ जानेवारी

मुंग्या! पुन्हा मुंग्या!

पहाटे न्हाणीत गेलो. दगडाच्या कडेने काळी, जिवंत, हलणारी रेघ. मी तेथेच उभा राहिलो. इतके महिने सातू! इतके महिने कारले! महिपतरावांच्या लेखाची शाई वाळली नाही तोच रोग परत?

घरात कोणीतरी माझ्या अन्नात गोड घालते, दुसरा अर्थ होत नाही. मंदाकिनीस समोर बोलावले आणि सरळ विचारले की, आमटीत गूळ पडतो की नाही. 

“आमटीत गूळ घालायचं मी वैशाखातच सोडलं, मामंजी. घालायचाच असता तर माझ्या माहेरच्यासारखी चव तरी आली असती.”

मी म्हटले, हे उत्तर नव्हे, हा उद्धटपणा आहे. त्यांचे डोळे भरले. मोरीवर भांडी घासणारी शेवंती — कळव्याहून येते, तोंडाने फटकळ — हात न थांबवता म्हणाली, “आता मुंग्यांवर पन एक पहारेकरी ठेवा, बाबा.” मंदाकिनीस रडता रडता हसू आले. मला आले नाही.

चिरंजीवाची आई तेवढ्यात कळशी घेऊन आली, तिने दगडावर पाणी ओतले व सर्व धुऊन काढले. “तिला बोलू नये,” इतकेच म्हणाली.

शुक्रवार, ता. २० जानेवारी

गुळाची ढेप व साखरेचा डबा माझ्या खोलीत. किल्ली जानव्यास.

रविवार, ता. २२ जानेवारी

मंदाकिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सासूबाईंच्या पाठीवर काहीतरी झालंय. मला बघू देत नव्हत्या.”

ती म्हणते, गळू आहे, पिकेल आणि फुटेल. जवसाचे पोटीस बांधून ती त्याच अंगाने स्वयंपाक करत होती. मी पदर दूर करण्यास सांगितले. तिने भिंतीकडे तोंड केले.

गळू नव्हे. दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताएवढा, जांभळा फोड, आणि त्यास चाळणीसारखी तोंडे. काळपुळी! माझे वडील बंधू हिनेच गेले. अंगात ताप मावत नाही, आणि ही बाई सकाळी माझ्यासाठी सातू दळत होती!

उद्या डॉक्टर.

सोमवार, ता. २३ जानेवारी

क्रमाने लिहितो.

डॉक्टर आले, तरुण, मुंबईस शिकलेले. मधे पडदा धरला. तिने फक्त पाठ दाखवली. डॉक्टरांनी मला चिठ्ठीवर लिहिण्यासाठी नाव विचारले. लग्न झाल्यापासून ते मी उच्चारलेले नाही. लेखणी मागून घेतली आणि लिहून दिले — सगुणा.

त्यांनी काळपुळी उभी-आडवी चिरली. ती ओरडली नाही. मंदाकिनी ओरडल्या. मग डॉक्टरांनी तिची लघवी मागितली. मी विचारले, पाठीच्या जखमेशी लघवीचा संबंध काय? त्यांनी काचेच्या नळीत थोडी घेतली, त्यात बाटलीतले निळे औषध ओतले, नळी दिव्यावर धरली. निळे पाणी हिरवट झाले, पिवळे झाले, आणि पाहता पाहता विटेच्या रंगाचे!

“बाईंना मधुमेह आहे. बराच जुना दिसतो. म्हणून काळपुळी.”

मी म्हणालो, “डॉक्टर, आपली गफलत होते आहे. मधुमेह मला आहे.”

“हो, मी लेख वाचला,” ते म्हणाले. “तुमचीही बघू.”

दुसरी नळी. तीच बाटली, तोच दिवा. पाणी उकळले. निळेच राहिले! मी म्हटले, हे पथ्याचे फळ. ते म्हणाले, असेल. तर मग चार दिवस भात खा, गूळ खा, जिलबी खा, काय वाटेल ते खा, आणि मग मला बोलवा. ‘लघवी आणून ठेवला की पुरे’ असे म्हणाले. ठेवला! चूक ऐकली, आणि सुधारण्याचे भान राहिले नाही.

बुधवार, ता. २५ जानेवारी

जिलबी खाल्ली. पेठेतून आणवून, मधल्या खोलीत पाटावर बसून, औषधासारखी. चवीने खाल्ली असे म्हणवत नाही, आणि नाही असेही म्हणवत नाही.

शुक्रवार, ता. २७ जानेवारी

निळे. निळे ते निळेच!

डॉक्टर नळी माझ्यासमोर धरून म्हणाले, “मास्तर, तुम्हाला हा रोग नाही. चालण्याने आणि कमी जेवण्याने तुमचं पोट उतरलं, गुडघे मोकळे झाले, हे चांगलंच झालं. पण मुंग्या तुमच्या नव्हत्या.”



न्हाणी एक. वापरणारे सर्व. मुंग्या दिसल्या, आणि मी त्या माझ्या म्हणून टाकल्या. शास्त्रीबोवांनी ‘घरात आणखी कोण’ असे विचारले नाही. मीही सांगितले नाही. घरात रोग यावा तर तो कर्त्यासच यावा, दुसऱ्या कोणाची नाडी पाहण्याचे कारण काय! तहान तिला होती. अशक्तपणा तिला होता. सातू मी खात होतो.

आणि ती खात काय होती? माझ्या पानावरचे. मी बोट लावून सोडलेला शिरा. मी जिभेस लावून सोडलेली खीर. माझ्या वाटचे पुरण. पूर्वी माझ्या मागे वाटीत काही उरत नसे! माझ्या पथ्याने दररोज तिचे ताट गोड केले. वैद्याने मधुमेह्यास जे वर्ज्य सांगितले तेच मी रोज खऱ्या रोग्यास वाढत होतो — आणि ह्यास मी संयम म्हणत होतो!

शनिवार, ता. २८ जानेवारी

ताप थोडा कमी. तिच्याजवळ बसलो. विचारले की, मुंग्या पूर्वी कधी दिसल्या होत्या का.

ती म्हणाली की, चिरंजीवाच्या लग्नाच्या वर्षापासून दिसत होत्या. घाण वाटे. सर्वांच्या आधी उठून ती दगड रोज धुऊन टाकत असे, माझ्या पायाखाली मुंग्या येऊ नयेत म्हणून. वैशाखात ती तापाने पडली होती, तेव्हा एक दिवस धुणे राहिले.

मी विचारले, सांगितले का नाही?

“मुंग्यांचं काय सांगायचं?” ती म्हणाली.

गुरुवार, ता. २ फेब्रुवारी

डॉक्टरांचे नियम: गोड पूर्ण बंद, भात नावापुरता, सातू, मूग, पालेभाज्या. उपास एकही नाही. रताळ्याचा तर मुळीच नाही. जखम भरेपर्यंत विश्रांती, नंतर सकाळचे चालणे. आणि मुख्य — तीन वेळा थोडे थोडे, ठरल्या वेळी जेवणे. सर्वांची पाने उठेपर्यंत उपाशी राहणे आणि मग उरलेले एकदम जेवणे, हे विष आहे, असे म्हणाले.

नैवेद्य आजपासून गोडाऐवजी नुसत्या दुधाचा. देवाने तक्रार केलेली नाही.

सोमवार, ता. ६ फेब्रुवारी

जखम भरत नाही. कडा तशाच काळ्या. डॉक्टरांनी नळी धरली — विटकरी. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मंदाकिनीकडे पाहिले.

मंदाकिनी हळूच म्हणाल्या, “सातू खातात, मामंजी. गोड शिवतही नाहीत. पण वेळेवर जेवत नाहीत. पान वाढलं की झाकून ठेवतात. आणि आज सोमवार धरलाय.”

बुधवार, ता. ८ फेब्रुवारी

आज तिला समजावले. माझ्या सगळ्या विद्येनिशी समजावले. शरीरधर्म सांगितला. पतीची आज्ञा हाच धर्म, हेही सांगितले. ते सांगताना माझी मलाच लाज वाटली.

“इकडचं पान व्हायच्या आधी मी जेवू?” ती म्हणाली. “आणि मग तोंड कोणाला दाखवू?”

मी म्हटले, डॉक्टरांनी सांगितले आहे.

“डॉक्टरांनी रोग्याला सांगितलं. इकडे रोगी होते तेव्हा पथ्यात मी काही कमी केलं का? तेवढं मला जमतं. हे जमत नाही.”

डॉक्टर स्पष्ट बोलून गेले आहेत: जखम ह्या पंधरवड्यात भरू लागली नाही, तर विष अंगात भिनेल. हे मी तिला सांगितले नाही. तिला ठाऊक आहे, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

शुक्रवार, ता. १० फेब्रुवारी

सकाळी सांगितले की, तिचे पान होईपर्यंत माझे पान मांडू नये. तिने ऐकून घेतले. माझे पान मांडले. मी बसलो नाही. तिने स्वतःचे झाकले.

दोघेही उपाशी. शेवंती दारातून म्हणाली, “दोघं म्हातारी रुसल्यावर चुलीनं काय करावं?”

शनिवार, ता. ११ फेब्रुवारी

आजही नाही. सकाळी खाडीवर गेलो तो भोवळ आली. परत आणावे लागले. तिने ओसरीवर मला पाहिले.  आत गेली, आणि भांड्यांचा आवाज झाला. नंतर थांबला.

रविवार, ता. १२ फेब्रुवारी

महिपतरावांच्या लेखातील तारखा, शुद्ध करून:

वैशाख, शके १८०९. ‘मुंग्या प्रथम दिसल्या.’ — चूक. मला दिसल्या, इतकेच. प्रथम दिसल्या तिला, शके १८०६ मध्ये.

त्याच महिन्यात. ‘पथ्यास प्रारंभ.’ — चूक. खाली पाहावे.

श्रावण. ‘रुग्णाच्या शरीराचे जाड्य उतरले.’ — रुग्णाच्या बांगड्या त्या श्रावणात कोपराकडे सरकू लागल्या होत्या. शरीर उतरले ते निरोगी माणसाचे.

कार्तिक. ‘रोगमुक्त.’ — मी कधीच रोगी नव्हतो. ती अद्याप मुक्त नाही.

१२ फेब्रुवारी १८८८. पथ्यास प्रारंभ. आज ती माझ्या आधी जेवली; भिंतीकडे तोंड करून, पण जेवली. मंदाकिनी पान उचलू लागल्या. मी त्यांना थांबवले आणि त्याच पानावर बसलो.