डोंगेवाल्याला पळायचं बटणच नव्हतं

आरमोरी,
रविवार, २१ मे २००६

प्रिय भूपेश,

तब्येत बरी असेल. नसेल तरी आज मी विचारणार नाही, कारण आज मी भांडायला बसले आहे. बाजारात मासे विकणाऱ्या बाईचं तोंड आहे माझं, ते कागदावर आलं म्हणून गोड होत नाही. लिहायला लागलं की शाळेतली भाषा येते, राग चढला की घरची येईल. तुला दोन्ही समजतात. निदान समजत होत्या.

तू मुंबईत बसून हिंदीत लिहितोस ते जपानी कार्टून आम्ही बघतो. रविवारी सकाळी विजेची लाइन असली की हरिदासभाऊ दुकानातला टीव्ही ओसरीवर आणून ठेवतो आणि अर्धा मोहल्ला गोळा होतो. पहिल्या रविवारी पडद्यावर नुसतं पाणी दिसलं. संध्याकाळचं, गढूळ, जरासं तांबूस पाणी आणि त्यात काळा डोंगा. अरे, हा तर आपला गेम! खोटं कशाला बोलू, तेवढं पाणी त्या लोकांनी फार सुंदर काढलं आहे. त्याचं श्रेय मी देते. पण पाण्यानंतर जे काही सुरू झालं ना, बाप्पा रे! तलवारी काय, उडणारे दगड काय, बोलणारा मासा काय! मासा बोलतो, भूपेश! जन्म गेला आपला माशांत, एक मरळ कधी बोलली नाही.

आठवतंय का काही? हरिदासभाऊने नागपूरहून तो टीव्ही गेम आणला होता आणि दुकानामागच्या खोलीत लावला होता. त्यातली एक पिवळी कॅसेट कोणीच घ्यायचं नाही, कारण त्यात गोळीबार नव्हता आणि सगळी अक्षरं जपानी. ती आपल्या वाट्याला आली. काय लिहिलंय ते कळायची सोय नव्हती, मग गोष्ट आपणच लावली. लाल फ्रॉकवाली पोट्टी बेटाबेटांवर उतरून दिवे लावत जाते आणि डोंगेवाला वाहत्या पाण्यात डोंगा धरून तिची वाट बघतो. त्याच्या डोक्यावर टोप, चेहरा दिसतच नाही. तू पहिल्याच दिवशी म्हणालास, "बाई, हा तं आपला बाबाच होय." झालं. डोंगेवाल्याला बाबाचं नाव, इस्तारी, आणि पोट्टीला माझं, रंजी. मी पोट्टी पळवायची, तू डोंगा धरायचास. एक बटण सारखं दाबून ठेवावं लागायचं. अंगठा उचलला की डोंगा धारेला लागायचा आणि मी बेटावर एकटी. तुझ्या अंगठ्याला फोड आला तरी तू बटण सोडायचा नाहीस, लघवीला जायचा नाहीस. आई मासे विकून परत येताना रिकामी टोपली घेऊन रस्त्यावरूनच ओरडायची, "आज गेमच खा दोघं, भात नोका मागू!" तरी तू उठायचा नाहीस. "रंजीबाई अजून बेटावर आहे," म्हणायचास.

म्हणून मला राग येतो. गोष्ट बदलली म्हणून नाही रे. गोष्टी बदलतातच. मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत तू राजाचं मरण दर गावाला वेगळं करायचास. आरमोरीत तलवारीने मेलास, कुरखेड्यात विष पिऊन, आणि वैरागडात पब्लिक रडलं म्हणून मेलाच नाहीस! कोणी तक्रार केली? नाही. गेमचं कार्टून करायचं तर काहीतरी घालावं लागेल, एवढं मलाही कळतं. अर्धा तास नुसता अंगठा दाबलेला कोण बघेल? घाला उडते दगड. झिंग्याच्या भाजीत मीठ कमी-जास्त झालं तर मी कुठल्या नवऱ्यासारखं ताट सरकवत नाही. पण झिंगेच काढून टाकलेत की रे तुम्ही! तो गेम उभा कशावर होता? डोंगा थांबतो, यावर. त्यात डोंगेवाल्याला पळून जायचं बटणच नव्हतं. आणि तुमच्या कार्टूनमध्ये होळीनंतरच्या रविवारी वादळ येतं, पोट्टी खडकावर उभी राहून हाका मारते, आणि डोंगेवाला तिच्याकडे पाठ करून डोंगा घेऊन चालता होतो!

तू म्हणशील, हे जपान्यांनी केलं, मी फक्त हिंदी लिहिलं. वा रे वा! तोंड हलतं ते जपान्यांचं, पण बोलणं कोणाचं? आवाज कोणाचा? आणि नाव? जपानीत त्या डोंगेवाल्याचं नाव इस्तारी होतं का? पोट्टीचं नाव रंजू होतं? तूच तर हरिदासभाऊच्या फोनवर केवढ्या आनंदाने सांगितलंस की नावं ठेवायची मोकळीक मिळाली, डोंगेवाल्याचा आवाजही माझाच आहे, बाबाला सांग त्याचं नाव टीव्हीवर येऊन राह्यलं. मी सांगितलं. बाबा शनिवारी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून घरोघर गेले. लटारूकडे, इसरूकडे, वरच्या आळीत धुरपताबाईकडे. "माहा पोट्टा माह्या नावाने बोलणार हाये," म्हणून आवतण देऊन आले. लग्नालाही एवढे फिरले नसते. पुढे दर रविवारी पुढच्या रांगेत बसायचे आणि तुझा आवाज आला की शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायचे.

मग तो होळीनंतरचा रविवार. सगळा ढिवर मोहल्ला बसलेला, आणि टीव्हीवर रंजू ओरडते आहे, "इस्तारी भाग गया! इस्तारी भाग गया!" लहान पोट्टे तर दिवसभर तेच ओरडत हिंडले. बाबांची थाप त्या दिवशी कोणाच्याच मांडीवर पडली नाही.

त्यानंतर चैत्रात आपल्या तलावाचं पाणी उतरलं आणि मच्छीमार सोसायटीने जाळी टाकली. डोंग्यात बाबाच. आपली रीत तुला सांगायला नको, पण मुंबईत विसरला असशील म्हणून सांगते. जाळेवाले पाण्याबाहेर निघाले की डोंगेवाला एकेकाचं नाव पुकारतो. काठावरून "हो" आलं की पुढचं नाव. शेवटचा "हो" ऐकल्याशिवाय डोंगा काठाला लावायचा नाही. बाबांनी नावं पुकारली, सगळ्यांचे हो आले, आणि लटारूला काय अवदसा आठवली, तो काठावरून ओरडला, "सारेच आले ना बाप्पा? का एखाद्याले सोडून भागून राह्यला, इस्तारी?" सगळा काठ हसला. बाबाही हसले. मी टोपली घेऊन तिथेच उभी होते, माझ्यासमोर हसले. डोंगा काठाला लावला, डोंगा ढकलायचा बांबू धुऊन घरी आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तेव्हापासून गेलेच नाहीत. डोंगा आता इसरू चालवतो आणि बाबा दारात बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत राहतात. लटारू दोनदा येऊन गेला बिचारा, "गमतीनं बोललो ना भाऊ, मनावर काऊन घेतं?" बाबा म्हणाले, "तुह्यावर राग नाई." राग नाही, तर मग बांबू का उचलत नाही, हे काही सांगेनात. इतकी वर्षं एकालाही पाण्यात सोडून न आलेला माणूस. त्याच्या नावावर तू हे लावलंस, तेही त्याला पुढच्या रांगेत बसवून.

पण खरं सांगू? मला त्याच्याहून जास्त लागलं ते डोंगेवाला पळाला त्याच्या पुढच्या रविवारचं. डोंगेवाला त्या कुठल्याशा गुहेत एकटा बसून स्वतःशी बोलतो ना, तुझ्या आवाजात? "मैं रुककर भी क्या कर लेता?" बाकीच्यांना ते कार्टूनचं वाक्य वाटलं. धुरपताबाईने तर डोळे पुसले. मी मात्र जागची उठले आणि घरी येऊन चुलीजवळ बसले. कारण ते वाक्य जपान्यांचं नाही, भूपेश. ते मी ऐकलेलं आहे. तू मुंबईला गेल्यावर आईला ताप चढला, गडचिरोलीच्या दवाखान्यात ती तुझं नाव घेत होती, मी हरिदासभाऊच्या फोनवरून मुंबईला निरोप ठेवून ठेवून थकले. ती गेली. तेरवी झाली. आणि त्यानंतर तुझा फोन आला. मी विचारलं, काऊन नाई आला? तू म्हणालास, "मी येऊन तरी काय केलं असतं, बाई?" हेच. येण्याच्या जागी थांबणं, बाकी शब्दाला शब्द. नुसतं हिंदी केलंस.

काय केलं असतंस? सांगते. तिच्याजवळ बसला असतास. ती सारखी दाराकडे बघत होती, तेव्हा दारात मी उभी राहायचे, म्हणजे तिला कोणीतरी दिसेल. माझ्या जागी तू उभा राहिला असतास. घरचा म्हणून एकट्या बाबांनी खांदा दिला, तो दोघांनी दिला असता. नंतर ती टोपली मी उचलली, ती उचलायच्या आधी कोणीतरी मला विचारलं असतं, तुले कॉलेज सोडाचं हाय का? मला वाईट याचं वाटतं की तुला हे सगळं कळत होतं. कळत नसतं तर ते वाक्य तू त्या गुहेत नेऊन इतकं रडून बोलला नसतास. टीव्हीवर सगळ्या देशासमोर रडता येतं, आणि बहिणीशी मात्र तुटक बोलून फोन ठेवता येतो. आणि तेही बाबांच्या नावाआड उभं राहून! लाज नाई वाटली? स्वतःच्या चुकीला बापाचं नाव कोण लावते रे?

हे पत्र मी स्वतःहून लिहीत नाही, हे आता सांगते. मी तर ठरवलं होतं की तुझ्याशी अक्षरही बोलायचं नाही. आज सकाळी कार्टून संपलं आणि ओसरीवरून घरी येताना बाबा वाटेत थांबले. मला म्हणाले, "रंजी, तुले वाटते मले लाज वाटली म्हणून मी घरी बसलो. लटारूलेही तेच वाटते. तसं नाई. तो डोंगेवाला मी नोहोय, तो आपला भूपेश होय, मले त्या गुहेतल्या आवाजावरून समजलं. तलावावर मी साऱ्यांचे नावं पुकारतो. माह्या घरच्याच एकाचं नाव घेतलं तं तो हो म्हणत नाई, मंग कोण्या तोंडानं दुसऱ्याचे पुकारू? त्याले लिव. रागावू नोको. ये म्हणाव." रागावू नको म्हणाले, ते माझ्याच्यानं झालं नाही, ते तू बघतोच आहेस. पण त्यांचा निरोप मी जसाच्या तसा लिहिला, एक शब्द बदलला नाही. आता माझं ऐक. पुढच्या रविवारी काय आहे ते आज त्यांनी शेवटी थोडंसं दाखवलं. रंजू डोंगेवाल्याच्या गळ्यात पडते आणि म्हणते, "जाओ, मैंने तुम्हें माफ किया." सगळ्या ओसरीने टाळ्या वाजवल्या. भूपेश, मी हे म्हटलेलं नाही. माझ्या नावाच्या पोट्टीच्या तोंडात ते तू घातलंस, मला न विचारता, हिंदीत. मी ते म्हणेन की नाही, मलाच माहीत नाही. रडेन, शिव्या देईन, कदाचित तोंडावर दार लावून घेईन आणि मग उघडेन. पण जे काय म्हणायचं ते मी म्हणेन, आपल्या दारात, आपल्या बोलीत, तुझ्या तोंडाकडे बघून. ते ऐकायला ये.

तुझीच बहीण,
आरमोरीची रंजी