पडद्यामागून पाहिलेला खून

मंचर, १९२२

प्रिय जोहरा,

तू रुसून घोडेगावला माहेरी जाऊन बसलीस आणि इकडे माझ्या तंबूची पार शोभा झाली.

मुंबईहून नवा विलायती सिनेमा आणला. अंधारी हवेली, कपाटातून निघणारी पांढरी बाई आणि मालकाचा खून. खुन्याचा फक्त हात दिसतो, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आपला सावळेराम छडी घेऊन गोष्ट सांगतो ना, तो ओरडला, "मंडळी, डावा हात! खुनी डावरा!" पुरुषांपासून आडोसा म्हणून पडद्यामागे बसवलेल्या बायकांनी ते पक्कं धरलं. आता पडद्याच्या ओल्या कापडातून मागे सगळं उलटं उमटतं, डाव्याचं उजवं. त्यामुळे त्यांना हवेलीतला जो तो डाव्या हाताने लिहिताना, डाव्या हाताने सलाम करताना दिसला. उजव्या हाताचा दिसला तो एकच, मालकाचा पुतण्या. आणि शेवटी फौजदाराने धरलं त्यालाच! मागून ठकूबाई कडाडली, "आरं, समदं घर डावरं आन् धरला ह्यो एकला उजवा व्हय? फौजदारानं लाच खाल्ली!" बायका उठून चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी एकही बाई फिरकली नाही, म्हणून पुरुषही नाहीत. ठकूबाईच्या दारात जाऊन समजावलं, मावशी, मागून उलटं दिसतं. तर म्हणते, "मंग उलटं दावायचं पैसं का घेता, भाऊ? जोहराबी व्हती तवर समदं बराबर कळायचं." टाळकंच सडकलं माझं.

काल रिकाम्या तंबूत मशीन चालवायला लावलं आणि पडद्यामागे जाऊन बसलो. अक्षरं उलटी, माणसं उलटी. डोकं भणाणलं. इथे बसून तू बायकांना डाव्याचं उजवं करून सांगायचीस, आणि एकदा पुढे बसू दे म्हणालीस की मी गल्ल्यावरून तुलाच विचारायचो, मागून काय वाईट दिसतं?

तर ऐक. परवा तंबू जुन्नरला हलतो. तिथे मधोमध कनात लावतोय. एकीकडे बायका, एकीकडे पुरुष, दोघेही पडद्यासमोर. सावळेराम कुरकुरतोय, कुरकुरू दे. गफूरची गाडी पाठवतोय. बायकांना गोष्ट सांगायला ये असं म्हणत नाही. सिनेमावाल्याची बायको असून तू अजून एकही सिनेमा सुलटा पाहिलेला नाहीस, तो पाहायला ये. मी कनातीपलीकडे बसेन. तुझ्या बांगड्या वाजायच्या थांबल्या की ओळखेन, तू घाबरलीस.

तुझाच, वैतागलेला,
पीरमहंमद