धुऱ्यावरचं गवत

बोरगाव, १४ जुलै २०२४

ती. मनोहरदादास,
तुळसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. आम्ही खुशाल आहोत. खुशाल नाही ते वरचं वावर. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचे जवाईबापू बाजूलाच असतात, आणि तक्रार त्यांचीच आहे.

आपल्या आणि खालच्या रामाजीच्या वावरांमधला मातीचा रुंद धुरा आठवतो? त्यावरून बैलगाडी जायची. दरवर्षी वखरताना हे इकडून वीतभर कोरतात, रामाजी तिकडून. परवाच्या पावसात उरलासुरला धुराही फुटला. आमची काळी माती वाहून रामाजीच्या कपाशीवर बसली. इकडे मुरूम उघडा पडला, तिकडे त्याची रोपं गाडली गेली. भांडायला गेले तर म्हणे, मी काय तुमच्या मातीले निमंत्रण देलं होतं काय वं? असे अजून दोन पावसाळे गेले तर त्या वावरात तूर सोडा, तरोटाही उगवणार नाही. धुरा घाला म्हटलं की दोघंही जमीन जाते म्हणतात.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुळसा

धरमपेठ, नागपूर, २० जुलै २०२४

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.
इथल्या सदर भागातल्या माझ्या दुकानात पंप विकता विकता एक कळलं, गिऱ्हाइकाला त्याचं नुकसान सांगितलं की तो जांभया देतो, शेजाऱ्याचा फायदा सांगितला की कान टवकारतो. तुमच्या दोन्ही गोठ्यांत म्हशी आहेत, वैरण दोघंही विकत आणता. उन्हाळ्यात धुरा घाला. त्यावरचं गवत एक वर्ष रामाजीचं, एक वर्ष तुमचं. पहिली पाळी त्यालाच दे. जवाईबापू चिडतील, चिडू दे. आणि वखर उताराला आडवा चालवायला सांग.

दिवाळीला ये, रागावून का होईना.
मनोहर

बोरगाव, १८ जुलै २०२५

ती. दादास सा. नमस्कार.
पहिल्या वर्षीचं गवत आपल्याला मिळणार म्हणून रामाजीनं उन्हाळ्यात धुऱ्यासाठी दोन हात जागा सोडली, वाहून आलेली आमची माती टोपल्यांनी उचलून धुऱ्यावर टाकली. ते पाहून ह्यांनीही दोन हात सोडले. भांडण आहेच, पण आता ते धुरा अजून रुंद करण्यावरून.

काल धो धो पाऊस झाला. मी वावरातच होते. पाणी धुऱ्याशी थबकलं, मग जास्तीचं पाणी जायला ठेवलेल्या सांडीतून खाली गेलं ते नितळ. माती जागच्या जागी. रामाजी छत्रीखालून पाहत होता. म्हणे, काहून वं वहिनी, यंदा नुसतंच पाणी धाडलं?

तुमची तुळसा