देवीला पहारा

ढाका

चि. शेफालीस दादाचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या हिंदू कायद्यात नसलेला घटस्फोट तुझ्यासारख्यांना मिळावा म्हणून इथल्या सभेत बोललो. सरकारी साहेब अदबीनं म्हणाले, “पंडितमशाय, तुम्हा हिंदूंच्या कायद्याला आम्ही हात लावत नाही.” मग आपल्याच हिंदू मंडळींपुढे, बाईला नवरा सोडायची मुभा देणारं शास्त्रवचन म्हटलं. “उच्चार सुरेख,” अध्यक्ष म्हणाले, “पण आधी देवळं वाचू देत, बायकांचं मग बघू.” टाळ्या पडल्या, उच्चाराला असाव्यात.

यंदा दुर्गेच्या मंडपाला पोलिसांचा पहारा आहे. तिची काळजी नको.

परेशनं दुसरा संसार थाटला, तरी अजून पिऊन तुझं दार ठोठावतो का गं? कडी काढू नकोस. पोलीस आलेच तर विचारतील, हा कोण. आणि तुला नवराच म्हणावं लागेल.

तुझा, शब्दांपुरता शूर,
दादा