एक मूळ, एक नळी

१ ऑक्टोबर, मंगळवार
निबंधाचा विषय पक्का: 'बितोलाकरांची खालची पहिली उपदाढ: एक मूळ, एक नळी'. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्या मुळात नसेची दुसरी नळी एकदाही दिसली नाही. नोव्हेंबरात ओह्रिदच्या दंतवैद्यांच्या परिषदेत वाचणार. उपटलेल्या चाळीस दाढा बरणीत तयार. उद्या चिरायच्या.

३ ऑक्टोबर
चिरायला वेळ नाही झाला. मेहुणा त्रायचे आला. नेमकी तीच उपदाढ! रूट कॅनाल केलं. एक नळी, अर्थात. चाळीस मिनिटांत मोकळा. १९ला त्याच्या मुलीचं लग्न. क्लॅरिनेट वाजवत तिला घरातून चर्चपर्यंत तो स्वतः नेणार.

५ ऑक्टोबर
त्रायचेचा फोन. फुंकलं की कानापर्यंत कळ जाते म्हणे. दोन दिवस दुखणारच.

८ ऑक्टोबर
दाढ पुन्हा उघडली, धुतली, बंद केली. कारण सापडलं: क्लॅरिनेट. वाजवणं बंद कर म्हटलं. तर म्हणतो, "दाजी, वाजवता यावं म्हणूनच तर आलो ना तुमच्याकडे!" कलाकार लोक. हळवे.

९ ऑक्टोबर
दाढा चिरल्या. अकरा दाढांत दोन नळ्या निघाल्या. त्या बितोलाच्या नसणार. बाजाराच्या दिवशी कुठून कुठून माणसं येतात. वगळल्या. उरल्या एकोणतीस. निकाल शंभर टक्के.

१२ ऑक्टोबर
अंगणात आयवरच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होतो. बायको, ल्युपका, सोलता सोलता म्हणाली, समोरच्या दवाखान्यातल्या बिसेर्काकडे मायक्रोस्कोप आहे, तिला दाखवू या? बिसेर्का! माझी विद्यार्थिनी! सुई कशी धरायची हे मी शिकवलंय तिला. तर ल्युपका म्हणते, "माझ्या भावाच्या पोटात चार दिवस सूपाशिवाय काही नाही, आणि तुला विद्यार्थिनी सुचतेय?" मिरच्या उलटायला वळलो. धुराने डोळे चुरचुरत होते.

१५ ऑक्टोबर
तिसऱ्यांदा उघडली. त्रायचेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पोरगी सासरी चालली. बापाचं मन.

१७ ऑक्टोबर, सकाळी
त्रायचे आला नाही. बरं वाटत असणार.

दुपारी
त्याची गाडी बिसेर्काच्या दारात. मग तिचाच फोन: "सर, जरा येता का?" गेलो. त्रायचे खुर्चीत, तोंड उघडं. तिने मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. आत खोलवर, जिभेच्या बाजूला वळलेली, केसाएवढी दुसरी नळी. बराच वेळ बघत राहिलो.
"अवघड जागा आहे सर, कुणाचीही सुटली असती," म्हणाली. मुद्दाम, त्रायचेला ऐकू जाईल असं.
मी म्हटलं, मला शंका होतीच.
त्रायचेला बोलता येत नव्हतं. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

१८ ऑक्टोबर
निबंध पुढच्या वर्षी. घाई करून उपयोग नाही.

१९ ऑक्टोबर
त्रायचेने घरापासून चर्चपर्यंत न थांबता वाजवलं. पोरगी रडत होती, मध्येच हसत होती. ल्युपकाने कानात विचारलं, माफी मागितलीस? सूप येऊ दे म्हटलं. मग मटण आलं. मग केक आला. मग सगळे नाचायला उठले. राहून गेलं. सोमवारी नक्की.

२१ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी साडेआठला फोन. खालची उपदाढ फार दुखतेय, एक बाई सांगत होत्या. लगेच या म्हणणार होतो. पण त्यांना विचारायचं होतं, समोरच्या डॉक्टरीणबाई किती वाजता उघडतात. त्यांचा फोन लागत नाही, म्हणून कुणीतरी हा समोरचा नंबर दिला म्हणे.
नऊला, म्हटलं.
उपकार झाले म्हणाल्या. आपण कोण, त्यांनी विचारलं.
शेजारी, म्हटलं.