माझ्या गुडघ्यांचं नाव

नांदेड,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षरा,
तुला आणि बाळीला पोटभर आशीर्वाद. उदगीरला तुझ्या आई-अप्पांना शरणार्थ सांग.

इकडे सगळं ठीक. ऊन आत्ताच तापायला लागलंय. मल्लेशनं पाळण्याच्या कड्या बदलल्या, दोऱ्या नव्या आणल्या. तो बरा आहे. शेजारची पुनम उद्या माहेरी उदगीरला निघालीय, तिच्याजवळ हे पत्र देते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं बोलणं निम्मं राहून जातं. शिवाय मल्लेश घरात असतो.

बाळीच्या गळ्यात लिंग बांधलं का, लिंगधारण झालं का? नाव ठेवताना माझी वाट बघू नका. तुला बरं वाटेल ते ठेव.

मंगळवारी तुझ्या रक्ततपासणीच्या लॅबमधून फोन आला होता. तू नोकरीला लागताना घरचा म्हणून माझा नंबर दिलेलास ना, त्यावर. मॅनेजर किशनराव बोलत होते. "आज्जी, सूनबाईंची रजा संपत आली. घरचं कुणीतरी येऊन जा, बोलून घेऊ." मला वाटलं, काही कागद द्यायचा असेल. इस्त्रीचं लुगडं नेसून गेले.

काचेच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. मग सुरू झालं. बाळ दूध पितंय का अजून? रात्री झोपू देतं का? मधेच सुटून घरी पळायचं तर नाही ना? आणि मग हसत हसत, "दुसरा चान्स कधी घ्यायचा म्हणतात?"

शेजारी एक पोरगा बिलं लावत बसला होता. तोही हसला. अक्षरा, मला किळस आली. तुझ्या दुधाची चौकशी तो माणूस गिऱ्हाइकासारखी करून राहिला होता. मी चहा तसाच ठेवला.

"हे तिला विचारलं का?" मी म्हटलं.

"तुम्ही घरच्या मोठ्या. तुम्हाला विचारलं म्हणजे झालंच की."

"पेशंटला सुई मी टोचते का?"

त्यावर तो पोरगा हसला नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले, भाकरी टाकल्या, परत बसले. पुढचं लिहायचं नव्हतं. पण तू माझ्याकडून ऐकावंस, दुसऱ्याकडून नको.

किशनराव म्हणाले, "चिडू नका आज्जी. आम्ही तर नुसती खात्री करून घेतो. मल्लेशराव परवाच येऊन सांगून गेले ना, बायको आता घरीच बसणार म्हणून. आईच्या गुडघ्याचं लई दुखणंय, तिच्याच्यानं लेकरू सांभाळणं होत न्हाई, असं म्हणाले."

माझे गुडघे. माझ्याच पोरानं नेऊन त्या काचेच्या खोलीत ठेवले.

संध्याकाळी तो आला तसं विचारलं. म्हणाला, "आई, तुलाच त्रास होईल म्हणून बोललो. आन् तिला तरी कुठं जायचंय?"

"तिनं सांगितलं तुला?"

"विचारायचं काय त्यात?"

त्या दिवसापासून मी त्याला ताट वाढून देते, पण समोर बसत नाही. पोटचा असला तरी ओकारी येते. असं आईनं लिहू नये, पण खोटं तरी किती लिहू?

तुला माहीत आहे, मी शाळेत गेले नाही. हे छापखान्यात होते. फुकट गेलेले कागद घरी आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले. गोष्टीचं मधलंच पान हाती यायचं, शेवट हे जेवता जेवता रचून सांगायचे. आता वाचनालयातून सबंध पुस्तक आणते, पण शेवटचं पान आलं की अजून हात थांबतो.

हे गेले तेव्हा छापखान्याचे मालक भेटायला आले होते. माझ्या दिरांना म्हणाले, "वहिनी कागदाच्या घड्या घालायला येतील का? जागा आहे." मी तिथंच उभी होते. दिरांनी सांगितलं, "आमच्यात चालत न्हाई." मालक "हाव, बरं" म्हणाले आणि उठले. माझ्याकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही. हे सगळं सांगत सांगतच मी मल्लेशला लहानाचा मोठा केला. तो मान हलवायचा.

किशनरावांना मी सांगून आलेय, सोमवारी ती स्वतः येईल, तोवर जागा कुणाला द्यायची नाही. ते तोंड वाकडं करून हो म्हणाले. तेव्हा रविवारी ये. कामावर जायचं असेल तर जा. नसेल जायचं तर तसं सांग. पण तुझ्या तोंडानं. माझी भीड धरू नकोस आणि त्याचीही नको. त्यांनी पुन्हा दुधाचं विचारलं तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

राहिलं बाळीचं. गुडघे दुखतात, खरं आहे. पण ते माझे आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलेन. पाळणा मी उचलून माझ्या खाटेजवळ बांधून घेतलाय. बसल्या जागी दोरी हाताला येते, ओढून बघितली.

'तुझ्या नवऱ्याची आई' असं आज लिहवत नाही. म्हणून नुसतं,

गंगम्मा