डचेसचा डावा आरसा

३ फेब्रुवारी, डेमिंग

पुन्हा आपटली! या वेळी विजेचा खांब. बेचाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, पण गाडीमागे उभं राहून हातवारे करायचं काम म्हातारपणी नशिबी आलं. व्हर्लिन स्टिअरिंगवर, मी धुळीत, आणि गाड्यांच्या तळावरची सगळी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, बिअर घेऊन बघताहेत. नवी गाडी जागेवर लागायला आली की इथे हाच सिनेमा. वर हा खिडकीतून ओरडतो — "नदीन, तुझे हात काय सांगतात ते तुला तरी कळतं का?" नाचता येईना अंगण वाकडं!

राहण्या-झोपण्याची गाडी म्हणे! गाडी कसली, बत्तीस फुटी खुराडं. नाव मात्र डचेस.

४ फेब्रुवारी

टाकीतलं पाणी संपलं. आंघोळ नाही. व्हर्लिनच्या मते याला स्वातंत्र्य म्हणतात.

६ फेब्रुवारी, लॉर्ड्सबर्ग

दिवसभर वाळू, काटेरी झुडपं, पुन्हा वाळू. दर दहा मैलांवर हा थांबतो, उतरतो आणि डोंगराकडे टक लावून बसतो. बापाने याच्याच नावावर केलाय जणू! "बघ ना, कसा जांभळा होत चाललाय!" बघितला. जांभळा आहे. घरी आयोवात या माणसाने कधी बायकोचा नवा ड्रेस पाहिला नाही.

बस झालं. चौदा तारखेचं टुसॉनहून घरी जायचं विमानाचं तिकीट काढलं. एकटीचं. त्याला टुसॉनलाच सांगेन.

९ फेब्रुवारी, बेन्सन

माझा नवा खेळ — तो गाडी मागे घेत असताना डाव्या आरशात त्याला जीभ काढून दाखवते. आज तीनदा दाखवली. ढिम्म! एरवी मी नाक मुरडलं तरी दिवसभर ऐकवणारा माणूस! आणखी एक नवीन खोड. डावीकडे बघायचं तर कोंबड्यासारखी अख्खी मान फिरवतो.

मग त्याने गाडीखाली तळावरचं लाकडी टेबल मोडलं. मी सगळ्यांदेखत ओरडले, "डोळे आहेत की गारगोट्या?" खुर्च्यांवरची मंडळी खदखदून हसली. तोही हसला, जरा उशिरा.

११ फेब्रुवारी

सकाळी त्याच्या डाव्या बाजूला बसून कॉफीचा मग पुढे धरला. धरूनच राहिले. हात भरून आला. तो डोंगर बघत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑक्टोबर." डावा डोळा गेलाय. उजव्याबद्दल डॉक्टर शब्द देत नाही. "सांगितलं असतं तर गाडी चालवू दिली असतीस?"

"मुळीच नाही! माणसं मेली असती, मूर्खा!"

"म्हणूनच नाही सांगितलं. हे सगळं एकदा बघून घ्यायचं होतं. तू बरोबर असताना."

मनसोक्त शिव्या दिल्या. मग रडले. गारगोट्या म्हणाले मी त्याला! जिभेचंही सांगून टाकलं, तिकिटाचंही. आणि किल्ल्या काढून घेतल्या.

१४ फेब्रुवारी, गिला बेंड

विमान माझ्याविना गेलं. टुसॉन मीच चालवत ओलांडलं, जीव मुठीत धरून. संध्याकाळी डचेस जागेवर लावायची पाळी माझी. व्हर्लिन मागे, हातवारे करत. खुर्च्या भरलेल्या. डाव्या आरशात पाहिलं, तर म्हातारा जीभ काढून दाखवत होता! मी हसत सुटले, आणि डचेस खांबाला आपटली.